प्रोग्रॅम सोवळ्यात आहे

सोसायटीचं खजिनदारपद माझ्या गळ्यात पडलं, त्याच्यासोबत मेंटेनन्सची बिलं काढणारा एक पुराणा प्रोग्रॅमही पडला. दर महिन्याला 'फाईल सेव्ह होत नाही' म्हणून तो रुसायचा. दुरुस्तीला आलेल्या पोराने कुठल्याशा चौकोनात टिकमार्क केली. म्हणाला, "काका, आता हा कायम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडेल. कुणी अडवणार नाही."

कुणी अडवलंही नाही. यानेच सगळ्यांना अडवायला सुरुवात केली.

उघडताना स्क्रीन काळवंडते, परवानगी मागते, मी 'येस' म्हणतो. बँकेची फाईल नेहमीसारखी माऊसने ओढून खिडकीत टाकायला गेलो, तर काट मारलेला गोल. पुन्हा ओढली, पुन्हा गोल. कॉम्प्युटर माझा, फाईल माझी, माऊस माझा!

तेव्हा आजी आठवली. सोवळ्यात असली की स्वयंपाकघरात तिचंच राज्य. ती वरून आपल्या ताटात वाढणार, पण आपण तिच्या हातात साधी वाटी द्यायची नाही. २००७ च्या व्हिस्टापासून विंडोजमध्ये नेमकं हेच चालतं. खातं अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं असलं तरी रोजचे प्रोग्रॅम साध्या अधिकारात, म्हणजे ओवळे. आपण 'येस' म्हटलेला तेवढा सोवळ्यात. त्याने खालच्यांना काही पाठवावं, खालच्यांनी त्याला शिवायचं नाही. डेस्कटॉपवरून फाईल नेऊन देणारा बिचारा एक्सप्लोररही ओवळाच. कारण तसं रास्त आहे हो: नाहीतर कुठलाही भुरटा प्रोग्रॅम त्या खिडकीत खोटी बटणं दाबून अख्खं घर ताब्यात घेईल.

बरं, प्रोग्रॅमच्या आतूनच फाईल उघडू म्हटलं, तर झेड ड्राईव्ह गायब. सेक्रेटरींच्या कॉम्प्युटरवरचा तो ड्राईव्ह मी जोडला होता ओवळ्यात. सोवळ्यातल्याच्या लेखी तो अस्तित्वातच नाही. मला हे कुठे माहीत! "तुमचा कॉम्प्युटर बंद आहे का?" म्हणून सेक्रेटरींना फोन केला. गुडघे सांभाळत ते उठून बघून आले. दोनदा.

शेवटचा दणका मराठीचा. माझं टायपिंगचं सॉफ्टवेअर बाहेर बसून कीबोर्ड ऐकतं. सोवळ्यातल्या खिडकीत काय टाईप होतंय ते त्याच्या कानावरच पडत नाही. घाईत ४०२ चं बिल रोमन लिपीत छापून गेलं. सात महिन्यांच्या थकबाकीबद्दल ते चकार शब्द बोलले नाहीत, मातृभाषेच्या अवहेलनेबद्दल मात्र दोन पानी पत्र आलं.

पोराला पुन्हा बोलावलं. दुखणं एवढंसंच निघालं: प्रोग्रॅम आपला हिशेब 'प्रोग्रॅम फाईल्स' फोल्डरमध्ये लिहायला जायचा आणि तिथे साध्या अधिकारात लिहायची बंदी. त्याने सगळं बिऱ्हाड डी ड्राईव्हवर हलवलं, टिकमार्क काढली. फाईल अलगद आत पडली. झेड परत आला.

"मग हेच आधी का नाही केलंस?"

"काका, याला वीस मिनिटं लागतात."

४०२ ला नवं बिल दिलं, शुद्ध मराठीत. आता ते ऱ्हस्व-दीर्घ तपासतायत.