‘स्वतंत्र मजूर पक्ष’ या नावाबद्दल: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. मागच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुम्ही लिहिलंय, की ‘मजूर’ हे बाबासाहेबांच्या पक्षाचं फक्त वरचं नाव होतं, आत पक्ष एका जातीचा होता. ते नावही विलायतेतून उचललेलं होतं. आणि १९४२ मध्ये त्यांनी ते टाकून दिलं यातच सगळं आलं. शिवाय मी लेखात एकदा ‘मजूर पक्ष’ आणि एकदा ‘कामगार पक्ष’ लिहिलंय, तेही तुम्ही दाखवून दिलंत.

शेवटचं आधी घेतो, कारण ती चूक माझी आहे. पक्षाचं मराठी नाव स्वतंत्र मजूर पक्ष. ‘कामगार’ हा शब्द माझ्या हातून सवयीने गेला, आणि नावाच्या अर्थाविषयीच्या लेखात अशी ढिलाई चालत नाही. आमच्या कोकणात तर हे शब्द अजून वेगवेगळे आहेत. मुंबईला गेलेला तो चाकरमानी, गिरणीत लागला की कामगार, आणि दुसऱ्याच्या शेतावर रोजाने जाणारा तो मजूर. कामगाराला गेटपास असतो, हजेरीचं खातं असतं. मजुराला संध्याकाळची मजुरी मिळाली तर मिळाली. ऑगस्ट १९३६ मध्ये पक्ष निघाला तेव्हा त्याला गिरणी आणि रेल्वे यांच्याबरोबर शेतमजूर आणि कुळंही हवी होती. त्या सगळ्यांना पुरेल असा शब्द ‘मजूर’ हाच होता. अकरा वर्षांनी शेकाप निघाला तेव्हा त्यांना नावात ‘शेतकरी’ आणि ‘कामगार’ असे दोन शब्द घालावे लागले, हेही बघा.

विलायतेचं म्हणाल तर इंग्रजी नाव सरळ तिकडचंच आहे, ते नाकारायचं कारण नाही. केअर हार्डी यांच्या पुढाकाराने १८९३ मध्ये ब्रॅडफर्डला इंडिपेंडंट लेबर पार्टी स्थापन झाली. तिथल्या ‘इंडिपेंडंट’चा रोख लिबरल पक्षाकडे होता: मजुरांनी लिबरलांच्या तिकिटावर, त्यांच्या कृपेने निवडून यायचं नाही. मुंबईत तो रोख काँग्रेसकडे वळला. मराठीत मात्र या शब्दाने थोडा घोटाळा केला. निवडणुकीतल्या ‘इंडिपेंडंट’ला आपण ‘अपक्ष’ म्हणतो, आणि ‘अपक्ष मजूर पक्ष’ तर म्हणता येत नाही. म्हणून ‘स्वतंत्र’ आलं. पण १९३६ मध्ये ‘स्वतंत्र’ म्हटलं की माणसाला देशाचं स्वातंत्र्य आठवणार. त्यात १९५९ मध्ये राजाजींचा स्वतंत्र पक्ष निघाला, खुल्या बाजाराची बाजू घेणारा, म्हणजे अगदी दुसऱ्या टोकाचा. या दोन नावांची गल्लत करणारे लोक मला आजही भेटतात. इथे ‘स्वतंत्र’चा अर्थ एवढाच, की मजुरांचं राजकारण दुसऱ्या कुणाच्या ओसरीवर बसून होणार नाही.

आता तुमचा मुख्य आक्षेप, नाव मजुरांचं आणि पक्ष एका जातीचा. अर्धं मान्य. पक्षाचा कणा महार समाज होता. १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत खुद्द बाबासाहेबांसमोर काँग्रेसने उभे केले ते क्रिकेटवीर बाळू पालवणकर, चांभार समाजातले. बाबासाहेब जिंकले, पण सुमारे दोन हजार मतांनीच. अस्पृश्य मानलेल्या सगळ्या जातीसुद्धा पक्षामागे एकवटलेल्या नव्हत्या, हे यातून दिसतं. पण त्याच निवडणुकीत मुंबई प्रांतात पक्षाने १७ उमेदवार उभे केले आणि १४ निवडून आणले. त्यांत अनंतराव चित्रे, सुरबानाना टिपणीस, शामराव परुळेकर होते, आणि यांतला कुणीही अस्पृश्य समाजातला नव्हता.

आणि निवडून आल्यावर पक्षाने काय केलं ते बघा. १७ सप्टेंबर १९३७ ला बाबासाहेबांनी विधानसभेत खोती, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या खोतांची जमीनदारी, नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. रत्नागिरी, कुलाबा (आजचा रायगड), ठाणे या भागात खोताच्या जमिनी कसणारी कुळं बहुतेक कुणबी. विधेयक मंजूर झालं असतं तर सर्वांत जास्त फायदा त्यांचाच होता. १० जानेवारी १९३८ ला हजारो शेतकरी मुंबईत विधिमंडळावर चालून आले तेही याच मागणीसाठी. एका जातीपुरतं पाहणारा पक्ष आपली पहिली मोठी लढाई कुणब्यांच्या शेतावर कशाला लढेल? खोती गेली ती पुढे १९४९ च्या कायद्याने. मधली बारा वर्षं कुळांनीच सोसली.

१९३८ मध्येच सात नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध मुंबईत एक दिवसाचा संप झाला. संपाचा हक्क आवळणारं ते विधेयक मुंबई प्रांतातल्या काँग्रेसच्या खेर सरकारचं, आणि त्याविरुद्ध स्वतंत्र मजूर पक्ष कम्युनिस्टांच्या बरोबर उभा राहिला. ज्यांच्याशी रोजचे खटके उडत होते त्यांच्याबरोबर.

ते खटके कशावरून होते, हे सांगितल्याशिवाय या नावाचा अर्थ पुरा होत नाही. गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणकामात, पगार चांगला होता. पण तिथे अस्पृश्य कामगाराला घेत नसत. धोट्यात (मागावरच्या शटलमध्ये) सुताची नवी कांडी घातली की सुताचं टोक तोंडाने ओढून घ्यावं लागे; त्याने तोंड लावलेल्या धोट्याला आपल्यालाही तोंड लावावं लागेल, ही सवर्ण कामगारांची हरकत. मालक राहिले बाजूला, इथे कामगारानेच कामगाराला दाराबाहेर ठेवलं होतं. अशा ठिकाणी ‘आपण सगळे कामगार’ एवढं म्हणून भागत नाही. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, ते याच अनुभवातून. ब्राह्मणशाही म्हणजे ब्राह्मण जात नव्हे, समता नाकारण्याची वृत्ती, आणि ती कामगारांतही आहे, हे त्यांनी तिथेच स्पष्ट केलं होतं. तुम्ही म्हणता नावाने जात झाकली. मला उलट वाटतं: ‘मजूर’ या शब्दात जातीचा प्रश्नही येतो, हे इतर मजूर पुढाऱ्यांना ऐकवायला ते नाव घेतलं होतं.

त्यात मला आणखी एक गोष्ट दिसते. ती माझी समजूत आहे, पटली नाही तर सोडून द्या. वतनदार महाराला गावकी चुकत नव्हती. सरकारी निरोप, राखण, मेलेलं जनावर ओढणं, रात्री-अपरात्री कुणीही हाक मारावी. त्याबदल्यात चिमूटभर इनाम जमीन आणि बलुतं, तेही देणाऱ्याच्या मर्जीवर. या वतनाविरुद्ध बाबासाहेब १९२८ पासून विधिमंडळात झगडत होते. अशा माणसाने स्वतःला ‘मजूर’ म्हणणं म्हणजे काय? मजुरी ठरवून घ्यायची असते, काम नाकारता येतं, वाटाघाट करता येते, संप करता येतो. वतनात यातलं काहीच नव्हतं. शहरात वाढलेल्या माणसाला ‘मजूर’ हा खालचा शब्द वाटतो. गावकीतून सुटू पाहणाऱ्याला तो वरचा होता.

राहिलं १९४२. जुलैत नागपूरला स्वतंत्र मजूर पक्षाच्या जागी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची, म्हणजे अनुसूचित जातींच्या नावाच्या पक्षाची, स्थापना झाली, हे खरं. पण त्याआधीचे महिने आठवा. ब्रिटिश मंत्री क्रिप्स साहेब येऊन गेले होते, सत्तांतराची बोलणी सुरू होती, आणि त्या टेबलावर खुर्च्या मांडल्या जात होत्या त्या समाजांच्या नावाने. तिथे मजुरांच्या नावाची खुर्चीच नव्हती. नाव बदललं ते या हिशेबाने, असं मी मानतो. मला ती हार वाटते, लबाडी वाटत नाही. आणि त्याच जुलैत बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले ते मजूर खात्याचे मंत्री म्हणून. कारखान्यांतले आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आणणारी १९४६ ची दुरुस्ती त्याच खात्यातली.

लेखातला ‘कामगार पक्ष’ आज बदलला आहे. तो तपासताना दुसरी चूक सापडली, जी तुमच्या नजरेतून सुटली: मी पक्ष ‘देशभर पसरला’ असं लिहिलं होतं. तो मुख्यतः मुंबई प्रांतात आणि मध्य प्रांत-वऱ्हाडात होता. तेही वाक्य काढलं आहे.