बोपण्णाचा पहिला क्रमांक फुकटात मिळालेला नाही

टेनिसच्या दुहेरीत जगात पहिल्या क्रमांकावर पोहोचलेल्या आपल्या रोहन बोपण्णाने नोव्हेंबर २०२५ मध्ये निवृत्ती जाहीर केली आणि कौतुकाच्या पाठोपाठ एक जुना दावाही पुन्हा फिरू लागला. थोडक्यात तो असा: दुहेरी म्हणजे एकेरीत न जमलेल्यांचा आसरा, मोठे खेळाडू तिकडे फिरकत नाहीत, म्हणूनच त्रेचाळिसाव्या वर्षी पहिला क्रमांक मिळू शकतो, कोर्ट अर्धंच सांभाळायचं, उरलेलं जोडीदार बघतो, आणि पैसे मात्र आयते. टेनिस आवडीने पाहणारी माणसंही यावर मान डोलावतात, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून यातला एकेक मुद्दा घेतो.

बोपण्णाला एकेरीत मोठं यश मिळालं नाही, हे खरं आहे. एकेरीच्या क्रमवारीत तो २००७ मध्ये २१३ व्या स्थानापर्यंत पोहोचला, त्यापुढे गेला नाही. पण सप्टेंबर २०१० मध्ये चेन्नईत ब्राझीलविरुद्धच्या डेव्हिस कप, म्हणजे देशादेशांमधल्या सांघिक स्पर्धेच्या लढतीत भारत ०-२ असा मागे पडला होता. तिथून बरोबरी झाली आणि पाचव्या, निर्णायक एकेरी सामन्यात रिकार्डो मेलोला सरळ सेटमध्ये हरवून बोपण्णानेच भारताला जागतिक गटात, म्हणजे स्पर्धेच्या सर्वोच्च गटात ठेवलं. एकेरी न येणाऱ्या माणसाचं हे काम नव्हे. सर्व्हिस जबरदस्त, नेटजवळचा हात चांगला. पण तासन्‌तास बेसलाइनवर, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेवर धावत राहण्याचं टेनिस त्याच्या शरीराला मानवणारं नव्हतं. आपलं बळ कशात आहे हे ओळखून त्याने दुहेरी निवडली. याला कुणी आसरा म्हणत असेल तर म्हणो, मी त्याला समज म्हणेन.

आता या दाव्यातला सगळ्यात वजनदार मुद्दा. आघाडीचे एकेरीचे खेळाडू दुहेरी फारशी खेळत नाहीत, हेही खरंच आहे. जॉन मॅकेन्रो किंवा स्टेफान एडबर्ग दोन्ही क्रमवारींत पहिल्या क्रमांकावर होते, तो काळ गेला. पुरुषांच्या एकेरीत ग्रँड स्लॅमला, म्हणजे चार सर्वांत मोठ्या स्पर्धांत, पाच सेटचे सात सामने जिंकावे लागतात, त्यामुळे दमछाक टाळण्यासाठी ते दुहेरीपासून लांब राहतात. पण यावरून ‘उतरले असते तर सहज जिंकले असते’ असं कसं म्हणता येईल? त्याची परीक्षा झाली आहे. २०२५ च्या यूएस ओपनने मिश्र दुहेरीचं स्वरूपच बदललं. फक्त सोळा जोड्या, बहुतेक जागा एकेरीच्या नामवंतांना, सेट छोटे आणि विजेत्या जोडीला दहा लाख डॉलर. जोकोविच उतरला, अल्काराझ आणि राडुकानू एकत्र उतरले. जिंकलं कोण? गतविजेते सारा एरानी आणि आंद्रेया वावासोरी, म्हणजे दुहेरीत मुरलेली जोडी. अंतिम सामन्यात त्यांनी इगा स्विआँतेक आणि कॅस्पर रूड यांना ६-३, ५-७, १०-६ असं हरवलं (शेवटचा आकडा तिसऱ्या सेटऐवजी खेळलेल्या दहा गुणांच्या टायब्रेकचा). हाच वावासोरी जानेवारी २०२४ मध्ये सिमोन बोलेल्लीबरोबर ऑस्ट्रेलियन ओपनचा अंतिम सामना खेळला होता, आणि त्या दोघांना ७-६, ७-५ असं हरवूनच बोपण्णा आणि मॅथ्यू एब्डन विजेते झाले. त्याच स्पर्धेच्या उपांत्य फेरीत बोपण्णासमोर झांग झिझेन आणि टोमास माखाच होते. दोघेही एकेरीचे खेळाडू, दोघेही ऐन भरात. तिसऱ्या सेटमध्येही बरोबरी होऊन निकाल लावणाऱ्या टायब्रेकपर्यंत सामना ताणला आणि तिथे बोपण्णा-एब्डननी तो १०-७ असा काढला.

असं का होतं, हे ‘अर्धं कोर्ट’ या मुद्द्याशी जोडलेलं आहे. एकेरीचं कोर्ट २७ फूट रुंद असतं, दुहेरीचं ३६. म्हणजे एकाच्या वाट्याला रुंदी कमी येते, यात शंका नाही. पण वेळही कमी येतो. एकेरीत चेंडू बहुधा समोरच्या बेसलाइनवरून येतो. दुहेरीत समोरचा गडी नेटला चिकटून उभा असतो आणि तुम्ही स्वतःही पुढे आलेले असता. तिथे पूर्ण फटका मारायला सवड नसते, रॅकेट नुसती योग्य कोनात धरावी लागते. रिटर्नचंही तसंच. एकेरीत खोल, उंच रिटर्न चालतो. दुहेरीत तोच रिटर्न नेटवरचा माणूस मध्येच अडवून खाली आपटतो. म्हणून चेंडू नेटला घासून, सर्व्हिस करून पुढे धावणाऱ्याच्या पायाशी टाकावा लागतो, आणि तोही नेटवरच्या गड्याला चुकवून. सर्व्हिसच्या आधी पाठीमागे बोटांनी खुणा करणारा जोडीदार आपण टीव्हीवर पाहतो. चेंडू कुठे पडणार आणि नेटवरचा माणूस कुठल्या बाजूला झेपावणार, हे तेव्हाच ठरलेलं असतं. त्यात ग्रँड स्लॅम सोडून टूरवर ४०-४० ला अ‍ॅडव्हान्टेज नाही, एकाच गुणावर गेम. आणि तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेक. चुकलं तर भरून काढायला जागाच उरत नाही.

वयाचा मुद्दा मला सगळ्यात अन्यायाचा वाटतो. दुहेरी म्हाताऱ्यांचा खेळ असता तर १९७६ पासूनच्या क्रमवारीत चाळिशीनंतर पहिल्यांदा अव्वल झालेल्यांची रांग दिसली असती. २९ जानेवारी २०२४ ला बोपण्णा त्या जागी पोहोचला, त्याआधी पहिल्यांदाच अव्वल ठरलेला सर्वांत वयस्कर खेळाडू राजीव राम होता, वय ३८. तिथे पोहोचण्याआधीची वर्षं बोपण्णाने कशी काढली, ते बघा. त्याच्या गुडघ्यांतली कूर्चा झिजून संपलेली. वेदनाशामक गोळ्यांवर दिवस निघत होते. त्यातून त्याला बाहेर काढलं अय्यंगार योगाने, हे तो स्वतः सांगत आला आहे. पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांनी घडवलेली ही पद्धत, म्हणून आपल्याला त्याचं वेगळं अप्रूप असायला हवं. २०२१ मध्ये तर पाच महिने एकही विजय नव्हता आणि सगळं सोडून द्यावं असं त्याच्या मनात आलं होतं. सोपा खेळ असता तर तेव्हाच सोपा गेला असता.

‘जोडीदाराने तारलं’ या म्हणण्याला फार वेळ द्यायची गरज नाही. बोपण्णाने सहा मास्टर्स, म्हणजे ग्रँड स्लॅमच्या खालोखालच्या मोठ्या स्पर्धा जिंकल्या: पॅरिस २०११ मध्ये ऐसाम-उल-हक कुरेशीबरोबर, पॅरिस २०१२ महेश भूपतीबरोबर, माद्रिद २०१५ फ्लोरिन मेर्जाबरोबर, माँटे कार्लो २०१७ पाब्लो क्वेव्हासबरोबर, आणि इंडियन वेल्स २०२३ व मायामी २०२४ एब्डनबरोबर. सहा विजेतेपदं, पाच जोडीदार, तेरा वर्षं. या सगळ्यांत कायम असलेला माणूस एकच. शिवाय २०१७ चं फ्रेंच ओपन मिश्र दुहेरीत गॅब्रिएला डाब्रोव्स्कीबरोबर, आणि २०२३ च्या हांगझोऊ एशियाडचं सुवर्ण आपल्या ऋतुजा भोसलेबरोबर. त्या अंतिम सामन्यात पहिला सेट २-६ गेल्यावर दोघांनी सामना फिरवला.

राहिले आयते पैसे. २०२४ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये एकेरीच्या विजेत्याला साडेएकतीस लाख ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले; बोपण्णा आणि एब्डनला दोघांत मिळून सात लाख तीस हजार. प्रशिक्षक, फिजिओ, विमानप्रवास यांचे दर मात्र दुहेरीवाल्यांसाठी कमी होत नाहीत. ही झाली विजेत्यांची गोष्ट. क्रमवारीत साठाव्या-सत्तराव्या स्थानावर असलेल्याला तर वर्षाचा खर्च भागवतानाच नाकी नऊ येतात.

आणि ज्यांना अजूनही वाटतं की एकेरी येत असली की दुहेरी आपोआप येते, त्यांनी युकी भांबरीकडे पाहावं. ज्युनियर ऑस्ट्रेलियन ओपनचा विजेता, एकेरीत जगात ८३ वा, गुडघ्याच्या दुखापतींनंतर दुहेरीकडे वळलेला. एवढी तयारी असूनही ग्रँड स्लॅमच्या उपांत्य फेरीत पोहोचायला त्याला २०२५ चं यूएस ओपन उजाडावं लागलं. मधली वर्षं तो दुहेरी शिकत होता.