ठरलेल्या वाचनावरच का बोलायचं? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. येशूने सांगितलेल्या अन्यायी कारभाऱ्याच्या दाखल्यावरचं माझं प्रवचन वाचून तुम्ही सविस्तर आणि परखड लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: कॅथलिक चर्चमध्ये रविवारच्या मिस्साची (उपासनेची) बायबलमधली वाचनं वरून ठरून येतात, दर तीन वर्षांनी तीच फिरून येतात आणि आम्ही धर्मगुरू त्यांवर पाट्या टाकतो. घराघरांत कर्ज आहे, जमिनी विकल्या जातायत, पोरं दारूच्या आहारी गेलीत; ते सोडून कॅलेंडर बघून कसलं प्रवचन करता? शिवाय या वाचनांत सोयीची काटछाट असते, हाही तुमचा आरोप.

काटछाटीबद्दल तुमचं बरंचसं खरं आहे. कॅलेंडरबद्दलचं मला अजिबात पटत नाही.

आधी या वाचनांचा वर्षभराचा एकच फेरा असे. चार शुभवर्तमानांपैकी (येशूच्या चरित्रांपैकी) मार्क रविवारी क्वचित कानावर पडायचा, जुना करार तर जवळजवळ नाहीच. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये बायबलचं भांडार भाविकांसाठी अधिक खुलं करा असं सांगितलं आणि १९६९ मध्ये तीन वर्षांची वाचनमाला आली. अ वर्षी मत्तय, ब वर्षी मार्क, क वर्षी लूक. योहान मुख्यतः प्रायश्चित्तकाळात (ईस्टरआधी) आणि पुनरुत्थानकाळात (ईस्टरनंतर). ब वर्षी मात्र मार्क आटोपशीर पडतो म्हणून सलग पाच रविवार योहानाचा सहावा अध्याय येतो. पाच रविवार जीवनाच्या भाकरीवर बोलताना तिसऱ्या आठवड्यापर्यंत सुचलेलं सगळं संपतं, आणि खरा अभ्यास तिथून पुढे होतो.

निवड प्रवचनकारावर सोडली, तर उधळ्या पुत्राचा आणि चांगल्या शोमरोन्याचा दाखला वर्षातून चारदा ऐकायला मिळेल. अन्यायी कारभारी कोण निवडणार? मालकाच्या देणेकऱ्यांची खाती बदलणाऱ्या माणसाची मालकच वाहवा करतो, हे वेदीजवळ उभं राहून समजावून सांगणं अवघड आहे. पण क वर्षात सामान्य काळातल्या (सणांचे काळ सोडून उरलेल्या वर्षातल्या) पंचविसाव्या रविवारी तो समोर येतोच, आणि चुकवता येत नाही.

त्या आठवड्याची तयारी सांगतो. सोमवारी मी फक्त वाचतो, मोठ्याने, तिन्ही वाचनं आणि स्तोत्र. भाष्यग्रंथ बुधवारपर्यंत उघडत नाही. सामान्य काळात पहिलं वाचन शुभवर्तमानाला जुळेल असं निवडलेलं असतं, म्हणून आधी तिकडे पाहतो. त्या रविवारी जुन्या करारातल्या आमोस संदेष्ट्याचा आठवा अध्याय होता. शब्बाथ (विश्रांतीचा दिवस) कधी संपतो आणि धान्याचा बाजार कधी उघडतो याची वाट पाहणारे व्यापारी, लहान केलेलं माप, खोटा तराजू, चपलांच्या जोडीसाठी विकत घेतलेला गरीब. मापात पाप म्हणतात ते हेच. मग लूककडे आलो. शंभर मापं तेलाची पन्नास होतात, शंभर मापं गव्हाची ऐंशी. एकाला निम्मी सूट, दुसऱ्याला पाचवा हिस्सा. नियमशास्त्रात (मोशेच्या कायद्यात) आपल्या बांधवाकडून व्याज घ्यायला मनाई होती. तेव्हा कारभाऱ्याने कमी केलं ते मुद्दलात दडवलेलं व्याज असावं, असं काही अभ्यासक मानतात. सगळ्यांना ते पटत नाही, म्हणून प्रवचनात मी ते शक्यता म्हणूनच मांडलं. पण त्या दाखल्याच्या मध्यभागी कर्जाची कागदपत्रं आहेत, याबद्दल वाद नाही.

म्हणजे तुम्ही ज्या कर्जावर बोला म्हणता, ते याच कॅलेंडरने माझ्यापुढे ठेवलं. मी स्वतः विषय निवडला असता, तर कर्जबाजारी माणसाला काटकसरीचे चार शब्द सांगून मोकळा झालो असतो. आमोसाने मला माप लहान करणाऱ्याकडे बघायला लावलं.

आता काटछाट. पुनरुत्थानाच्या रविवारी दिवसाच्या मिस्सात योहान २०:१-९ वाचतात, आणि मरीया मग्दालीयेला प्रभू भेटतो त्याच्या जरा आधीच थांबतात. ती भेट येते मंगळवारी, जेव्हा बहुतेक लोक कामावर असतात. फारोचा हुकूम न मानणाऱ्या शिफ्रा आणि पुवा या सुइणी निर्गमच्या पहिल्या अध्यायात आहेत, रोजच्या वाचनांत नाहीत. पौलाच्या रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायाचं वाचन तिसऱ्या ओवीपासून सुरू होतं, त्यामुळे फिबी ही मंडळीची सेविका वगळली जाते. हे मलाही सलतं. आणि ज्या दाखल्यावर तुम्ही लिहिलंत, त्याच्या लगेच पुढची ओवी, पैशाचे लोभी परूशी (कर्मठ यहुदी पंथाचे लोक) हे ऐकून येशूची टर उडवतात ती, रविवारी वाचली जात नाही. पण वाचलं गेलं नाही म्हणून बोलायला मनाई नाही. तयारीत आख्खा अध्याय वाचायचा आणि गाळलेलं लोकांना सांगायचं, हे प्रवचनकाराचंच काम आहे. तयारी न करणारा प्रवचनकार अप्रामाणिक असतो, असं पोप फ्रान्सिस यांनी २०१३ मध्ये स्पष्ट लिहिलं होतं. प्रवचन आठ मिनिटांपुढे जाऊ नये, असं त्यांनी २०२४ मध्ये सांगितलं. त्या आठ मिनिटांत गाळलेल्या ओवीला मी एक मिनिट नक्की देतो.

एखाद्या रविवारी वाचन बाजूला ठेवून जमिनीच्या प्रश्नावर बोलाल का, असं तुम्ही विचारलंत. नाही, बाजूला ठेवणार नाही. येत्या रविवारी श्रीमंत माणूस आणि लाजरस आहे, सोबत हस्तिदंती पलंगांवर लोळणाऱ्यांवरचा आमोसाचा सहावा अध्याय. लाजरसाचं श्रीमंताने काही हिसकावून घेतलं असं लूक सांगत नाही; तो दाराशी पडलेला होता, एवढंच सांगतो. जमीन विकून आलेला पैसा घरात काय करतो आणि दारात कोणाला आणून बसवतो, हे तुम्ही जवळून पाहिलेलं दिसतं. बुधवारपर्यंत लिहून पाठवलंत, तर तयारीत त्याचा मला उपयोग होईल.