चालायला जा म्हणता, मग बाळ कोण घेणार?

सकाळपासून डोकं फिरलंय. एका ग्रुपवर कुणीतरी उगवत्या सूर्याचा फोटो टाकला. खाली मजकूर: डिप्रेशनच्या गोळ्या सोडा, निसर्गाकडे वळा, बायकांनी रोज चालावं, भरपूर झोपावं, उन्हात बसावं, आनंदी राहावं. त्याखाली एका नव्या आईने विचारलं, "मग माझ्या चालू गोळ्या बंद करू का?" आणि चार जणींनी लिहिलं, "हो गं, नक्की कर."

अगं, काय करताय तुम्ही! त्या गोळ्या अशा एकदम तोडल्या की चक्कर येते, झोप उडते, जीव घाबराघुबरा होतो आणि मूळ दुखणं परत डोकं वर काढतं. बंद करायच्याच असतील तर डॉक्टरांना विचारून, हळूहळू कमी करत.

माझी लेक अडीच महिन्यांची होती तेव्हाची गोष्ट. दाराशी माझे चालायचे बूट होते, नवेकोरे. मी पलंगावरून त्यांच्याकडे बघत बसायचे. रडूसुद्धा येत नव्हतं. बाळ झोपलं की श्वास चालू आहे ना, हे बघायला दर दहा मिनिटांनी उठायचे. "बाळंतपणानंतर होतं असं," सगळे म्हणायचे. होतं ना, पण ते पहिल्या दिवसांतलं रडू दोन आठवड्यांत ओसरतं. माझे अडीच महिने झाले होते. आणि जो येईल तो सांगायचा, "जरा चालून ये, बरं वाटेल."

बरं वाटतं, हे मी नाकारत नाही. चालण्याने मन हलकं होतं, सकाळच्या उजेडाने झोपेचं चक्र रुळावर येतं, हे मी स्वतः अनुभवलंय. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान 150 मिनिटं मध्यम व्यायाम करा म्हणते, भरभर चालणं त्यातच आलं. चालू की! पण ती 150 मिनिटं नव्या आईने कुणाकडून मागायची? झोप घे म्हणणाऱ्यांपैकी रात्री दोनला बाळासाठी उठतं कोण? पुरुषांपेक्षा बायकांमध्ये डिप्रेशन जवळपास दुप्पट आढळतं. त्यात हार्मोन्सचा वाटा असेल, पण सगळं हार्मोन्सवर ढकलून मोकळं होऊ नका.

आणि 'नैसर्गिक आहे, अपाय नाही' हे तर बोलूच नका. सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती सौम्य डिप्रेशनमध्ये उपयोगी पडते, मान्य. पण तीच गर्भनिरोधक गोळ्यांचा असर कमी करते, आणि डिप्रेशनच्या गोळ्यांसोबत घेतली तर शरीरातलं सेरोटोनिन नावाचं रसायन अति वाढून जिवावर बेतू शकतं. अश्वगंधा थायरॉईडची पातळी बदलू शकते, गरोदरपणात तर नकोच. डॉक्टरांपासून लपवून घ्यायच्या गोष्टी आहेत का या?

माझं रक्त तपासलं तेव्हा लोह पार तळाला गेलेलं. थायरॉईड बिघडला, लोह किंवा बी 12 कमी झालं, तरी बाई अशीच गळून जाते, उदास होते. आणि आपण तिला सकारात्मक विचार करायला सांगतो.

लोहाबरोबर मला मनासाठीही गोळी दिली, अंगावर पाजत असतानाही चालणारी. असर दिसायला महिना गेला. सौम्य त्रास असेल तर गोळीशिवाय, नुसत्या समुपदेशनानेही भागतं, हेही खरं. दोन मिनिटांत चिठ्ठी लिहून बाहेर काढणारे डॉक्टर मीही पाहिलेत. म्हणून गोळीच वाईट?

त्याच महिन्यात एका सकाळी मोठ्या जाऊबाई आल्या. उपदेश नाही, काही नाही. बाळ खांद्यावर घेतलं, पायानेच बूट माझ्याकडे सरकवले आणि म्हणाल्या, "अर्धा तास मला घरात दिसू नकोस." नाडी बांधताना माझे हात थरथरत होते. कोपऱ्यापर्यंत गेले आणि परत आले, एवढंच. दुसऱ्या दिवशी थोडं पुढे. मग रात्रीची एक पाळी नवऱ्याने घेतली आणि कित्येक आठवड्यांनी मी सलग पाच तास झोपले. त्या दिवशी आंघोळ करताना मला साबणाचा वास आला. इतके दिवस येतच नव्हता.

आता लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. अंगठे देणाऱ्यांत माझ्या मैत्रिणीही आहेत, त्यांच्या मनात वाईट नव्हतं, जाणून आहे मी. पण ती पोस्ट काढा, प्लीज. आणि वाचणाऱ्या कुणाला जगणंच नको असं वाटत असेल, तर चालणंबिलणं राहू दे, आजच घरच्यांना सांग आणि डॉक्टरकडे जा.

त्या नव्या आईला मेसेज केलाय. गोळी तिने बंद केलेली नाही. रविवारी सकाळी सातला मी तिच्याकडे जातेय, बाळ घ्यायला. बूट आहेत म्हणाली.