रंगीत त्रिकोण आणि चतुर्थीची भरती

जूनमध्ये कॉलेजं उघडली की आमच्या प्राध्यापकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तो रंगीत त्रिकोण येतोच. व्याख्यान ऐकून ५ टक्के लक्षात राहतं, वाचून १०, व्हिडिओ बघून २०, प्रात्यक्षिक पाहून ३०, चर्चेतून ५०, स्वतः करून ७५ आणि दुसऱ्याला शिकवून ९०. खाली सल्ला: लेक्चर बंद करा. मी रत्नागिरीत भूगोल शिकवतो, लेक्चर देतो आणि ते बंद करणार नाही.

आधी आकडे. कुणाच्या लक्षात, कोणता विषय, किती दिवसांनी? त्रिकोणावर यातलं काहीच नसतं. खाली कधी अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांचं नाव असतं. त्यांनी १९४६ साली अनुभवांचा शंकू मांडला खरा, पण त्यात टक्केवारी नव्हती. ती मागाहून कुणीतरी चिकटवली. कधी अमेरिकेतल्या नॅशनल ट्रेनिंग लॅबोरेटरीज या संस्थेचं नाव असतं. मूळ संशोधन त्यांनाही दाखवता आलेलं नाही.

‘व्याख्यान निरुपयोगी’ हे मात्र अगदीच खोटं नाही. स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली विज्ञान, गणित, अभियांत्रिकीच्या वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र तपासले. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गात सरासरी ३४ टक्के नापास, मुलांना कामाला लावणाऱ्या वर्गात २२. फरक मोठा आहे, पण तो ५ आणि ९० चा नव्हे. शिवाय त्या दुसऱ्या वर्गातही सर गप्प बसत नाहीत.

व्हिडिओबद्दल काय बोलावं! दुपारी दोनचा तास, अंधार केलेली खोली, बाहेर पावसाची झड. निम्मा वर्ग पेंगतो.

राहिलं ‘मुलांनाच शिकवू द्या’. हौसेने सेमिनार लावले. मुलं वर्गाकडे पाठ करून स्लाइड वाचत होती, बाकीची एसटीची वेळ बघत होती.

मग एकदा भरती-ओहोटी शिकवताना अर्ध्यात थांबलो. फळ्यावर लिहिलं: आज चतुर्थी, भरती साधारण तीनला, उद्या कधी? तीनलाच, सव्वादोनला की पावणेचारला? हात वर झाले, तीनलाच सगळ्यात जास्त. म्हटलं, शेजाऱ्याला पटवा. (युक्ती माझी नाही, हार्वर्डमध्ये एरिक माझूर १९९१ पासून भौतिकशास्त्र असं शिकवत आले.) मागच्या बाकावरचा मुलगा, बाप तांडेल म्हणजे मच्छीमार होडीचा प्रमुख, समुद्रापासून लांबच्या लांज्याहून येणाऱ्या मुलीला सांगत होता, “अगं, तिथीची पाऊणपट काढ. पाचाची पाऊणपट पावणेचार.” पुन्हा हात वर केले तर जवळजवळ सगळे पावणेचारला. पण का, ते त्यालाही सांगता येईना. आता वर्गाला ते हवं होतं. तेव्हा दहा मिनिटं मी लेक्चरच दिलं: चंद्र एका दिवसात पुढे सरकलेला असतो, त्याला गाठायला पृथ्वीला सुमारे ५० मिनिटं जास्त फिरावं लागतं.

आणि लक्षात राहण्याचंच म्हणाल, तर रोएडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग बघा. उतारा पुन्हा पुन्हा वाचणारी मुलं पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुढे होती. आठवड्याने मात्र न बघता आठवून लिहिणारी पुढे गेली. म्हणून सोमवारी तासाच्या सुरुवातीला मागच्या आठवड्याचे दोन प्रश्न घेतो. वह्या बंद, कागदाचा चिटोरा, गुण नाहीत. पहिल्याच सोमवारी लांज्याच्या त्या मुलीने पृथ्वी आणि चंद्र नीट काढले, चंद्राच्या फिरण्याचा बाण मात्र उलट दिशेला. चिटोरे चाळले तर आणखी सात-आठ बाण तसेच. त्या तासाचं ठरवलेलं टिपण बाजूला ठेवलं आणि खडू घेतला.