सापडलं कुणाला, तेही पाटीवर लिहा

धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या सरकारी संग्रहालयाला नाव आहे कै. रामलिंगप्पा लामतुरे यांचं. लामतुरे संस्थानिक नव्हते की पुरातत्त्वाचे प्राध्यापक नव्हते. ते तेरचे व्यापारी. पाऊस पडून गेला की तेरच्या पांढरीतून, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीतून, मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, नाणी, भाजलेल्या मातीच्या मूर्ती उघड्या पडायच्या आणि नांगर धरणाऱ्यांच्या, गुरं राखणाऱ्यांच्या, शाळकरी पोरांच्या हाताला लागायच्या. लामतुरेंनी त्या गोळा केल्या आणि आयुष्यभर जपल्या. तोच संग्रह पुढे सरकारकडे आला, आणि आज अभ्यासक लांबून तेरला येतात ते तो बघायला.

मराठवाड्याबाहेरच्या मित्रांसाठी सांगतो. तेर म्हणजे जुनं तगर. इसवीसनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात त्याचं नाव आहे. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं हे गाव, इथलं कापड गाड्यांमधून भडोचच्या बंदरात जायचं. इटलीतल्या पाँपेई शहरात हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. इसवीसन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेत ते शहर गाडलं गेलं, त्याच्या आधीच ती तिथे पोचलेली होती. तिच्याशी अगदी जवळचं नातं सांगणारी हस्तिदंती मूर्ती आपल्या तेरची आहे. तेरच्या पोराने कॉलर ताठ करून फिरावं अशी ही गोष्ट आहे.

संग्रहालयांनी लोकांना जोडून घ्यावं असं हल्ली सगळेच म्हणतात. जगभरच्या संग्रहालयांची संघटना ‘आयकॉम’ हिने 24 ऑगस्ट 2022 रोजी प्रागमध्ये संग्रहालयाची नवी व्याख्या मंजूर केली, तीत लोकसमूहांच्या सहभागाचा स्पष्ट उल्लेख आहे. चांगलंच झालं. पण आपल्याकडे सहभाग म्हणजे काय, तर 18 मे ला जागतिक संग्रहालय दिन, शाळांची चित्रकला स्पर्धा, पाहुण्यांचं भाषण आणि चहा. गावाला प्रेक्षक म्हणून बोलावलं जातं. माझं म्हणणं असं की गाव हे देणारं आहे, जाणणारं आहे. तेरला तर संग्रहालयाची सुरुवातच गावाने केली. मग ते आत आल्यावर पाहुणं कसं होतं?

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. एकदा मुलांना घेऊन एका संग्रहालयात गेलो होतो (कुठलं ते सांगत नाही, दोष एकाचा नाही). काचेमागे सातवाहन काळातलं एक मडकं होतं. बाकीची पोरं पुढे गेली, एक मुलगा तिथेच खिळला. घरी चाक असलेला, कुंभाराचा मुलगा. म्हणाला, “सर, ह्याचा गळा चाकावर काढलाय आणि पोट नंतर थापटून वाढवलंय.” मी विचारलं, कशावरून? त्याने काचेवर बोट टेकवून दाखवलं. पोटावर उथळ, चपटे ठसे होते, एकाशेजारी एक, आणि गळ्यापाशी ते एकदम थांबत होते. “आतनं दगड धरायचा, बाहेरनं थापटणं मारायचं. माझी आजी असंच करती.” तेवढ्यात पहारेकरी ओरडला, काचेला हात लावू नका. मुलाने हात मागे घेतला आणि दारापर्यंत पुन्हा एक शब्द बोलला नाही.

पहारेकऱ्याला मी दोष देत नाही, त्याला तेवढंच काम दिलेलं असतं. पण मडक्याखालच्या पाटीवर काय होतं? ‘मातीचे भांडे, सातवाहनकालीन’. बस्स. कसं घडवलं ते नाही, कुठल्या शिवारात मिळालं ते नाही, कुणाला मिळालं ते तर नाहीच. त्या मुलाच्या आजीला बोलावून तासभर मडक्यापुढे बसवलं असतं, तर पाटीवर चार ओळी जास्त आल्या असत्या. आणि त्या ओळींखाली आजीचं नाव. मला संग्रहालयांकडून हवं आहे ते एवढंच, आणि हे अजिबात लहान नाही.

तेरला तर हे व्हायलाच पाहिजे. गोरोबाकाकांचं गाव आहे ते! संतांच्या डोक्यावर थापटणं मारून कोणतं मडकं पक्कं नि कोणतं कच्चं ते सांगणारे गोरोबाकाका. त्यांची समाधी तिथे, चैत्रात यात्रा तिथे, आणि दोन हजार वर्षांपूर्वीची मातीची भांडी नि मूर्तीही त्याच गावात. यात्रेच्या दिवसांत संग्रहालय रात्री नऊ-दहापर्यंत उघडं ठेवा. अंगणात चाक मांडा, पंचक्रोशीतल्या कुंभारांना रीतसर मानधन देऊन बसवा. दिंडीतल्या बायका आधी चाकापाशी थांबतील आणि मग आत जातील. एरवी सकाळी दहाला उघडून संध्याकाळी पाचला बंद होणारी जागा मजुरी करणाऱ्या माणसाने बघायची तरी कधी? ज्याच्या रोजावर घर चालतं तो सुट्टी काढून नाणी बघायला येणार नाही. बाजाराच्या दिवशी मात्र तो गावात असतोच.

आता एक अवघड गोष्ट. शेतात काही सापडलं की माणसं घाबरतात. “सांगू नका, सरकार जमीन घेईल,” हे वाक्य मी कितीतरी घरांत ऐकलं आहे. 1878 चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. त्याच कायद्यात सापडणाऱ्याला हिस्सा किंवा मोबदला द्यायची तरतूदही आहे, पण ती गावापर्यंत कधी पोचतच नाही. पोचते ती फक्त भीती. मग नाणी सोनाराकडे वितळतात, मूर्ती शेंदूर लागून पारावर बसते, खापरं बांधावर फेकली जातात. संग्रहालयाचा माणूस वर्षातून दोनदा ग्रामसभेत येऊन बसला, कायदा सोप्या मराठीत सांगितला, सापडलेल्या वस्तूची पोचपावती दिली आणि पुढे काय होणार ते सांगितलं, तर यातलं बरंचसं वाचेल. लामतुरेंकडे लोक वस्तू का नेऊन देत होते? माणूस ओळखीचा होता, गावातला होता, आणि दिलेली वस्तू उद्या जाऊन बघता येत होती. हा विश्वास परिपत्रक काढून मिळत नाही.

जुन्या वस्तूंपुढे बायका कशा बोलत्या होतात ते बघायचं असेल तर पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात थोडा वेळ उभे राहा. दिनकर केळकरांनी लहान वयात गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने ते उभारलं. आत दिवे, अडकित्ते, वज्री, किसण्या, पाळणे. घराघरांतलं सामान. म्हाताऱ्या बायका तिथे नातवंडांना थांबवून सांगत असतात की ही वज्री टाच घासायची, ही खिसणी अशी धरायची. ते बोलणं कुणीतरी उतरवून घ्यायला हवं. त्या बायका अजून दहा-वीस वर्षं आहेत, नंतर फक्त वस्तू राहतील.

दक्षिण आफ्रिकेत केपटाउनला डिस्ट्रिक्ट सिक्स नावाची वस्ती होती. 1966 मध्ये वर्णभेदी सरकारने ती गोऱ्यांसाठी राखीव ठरवली आणि पुढच्या काळात साठ हजारांवर माणसं हुसकावून लावली, घरं पाडली. तिथे 1994 पासून एका जुन्या चर्चच्या इमारतीत संग्रहालय आहे. जमिनीवर वस्तीचा मोठा नकाशा पसरला आहे आणि जुन्या रहिवाशांनी त्यावर आपापल्या घरांच्या जागा स्वतः लिहिल्या आहेत. माहिती तज्ज्ञांकडून लोकांकडे न जाता लोकांकडून आत आली.

हे वाचलं तेव्हापासून माझ्या डोक्यात किल्लारी आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपात लातूर-धाराशिवमधली गावंच्या गावं बसली, हजारो माणसं गेली, उरलेल्यांचं पुनर्वसन दुसऱ्या जागी झालं. नवी गावं आखीव-रेखीव आहेत, पण जुन्या गावठाणात कुणाचा वाडा कुठे होता, आड कुठला, तालीम कुठली, हे अजून सांगू शकणारी माणसं आहेत. जिल्ह्याच्या ठिकाणी एका दालनाच्या जमिनीवर जुन्या गावठाणांचे नकाशे अंथरा आणि त्या माणसांच्या हातात पेन द्या. फार पैसे लागत नाहीत. तलाठ्याकडचा नकाशा, मोठा कागद आणि ऐकून घ्यायची तयारी.

दूरच्या गावांपर्यंत संग्रहालय चालत जाऊ शकतं हेही सिद्ध झालेलं आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची फिरती बस 2015 पासून शाळाशाळांत जाते. मराठवाड्यातही अशी बस फिरावी, आणि ती जाताना भरलेली असावी तशी परत येतानाही भरलेली असावी: ध्वनिमुद्रणांनी, घराघरांतल्या फोटोंच्या प्रतींनी, लोकांनी सांगितलेल्या नावांनी.

सरकार करेल तेव्हा करेल. तोवर एक काम आपल्या हातातलं आहे. तुमच्या आजोबा-पणजोबांनी एखाद्या संग्रहालयाला काही दिलं असेल, किंवा तुमच्या शेतातलं काही तिथे ठेवलेलं असेल, तर एका कागदावर लिहा: वस्तू कोणती, कुणाला मिळाली, कुठल्या गट नंबरच्या जमिनीत, साधारण कधी, आणि त्याबद्दल घरात काय सांगतात. एक प्रत अभिरक्षकांच्या (संग्रह सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यांच्या) नावे टपालाने पाठवा, एक ग्रामपंचायतीत द्या, एक घरी ठेवा. लिहायला मदत लागली तर मला मेसेज करा, मी आणि माझे विद्यार्थी लिहून देऊ.