नव्या सायबर नोडल अधिकाऱ्यास सप्रेम

साहेब, विभागाचं तंत्रज्ञान आणि सायबर सुरक्षा यांचा अतिरिक्त कार्यभार आपल्याकडे आल्याबद्दल अभिनंदन. आस्थापना, भांडार आणि मराठी भाषा गौरव दिन आपल्याकडे आधीपासून आहेतच. हॅकरला थोडं थांबावं लागेल, थांबू द्या.

रुजू होताच परिपत्रक काढा: ‘सर्व संबंधितांनी पासवर्ड कोणासही सांगू नये.’ आपला पासवर्ड मात्र स्वीय सहायकाकडेच राहू द्या, डीएससीचं, म्हणजे डिजिटल सहीचं, डोंगलसुद्धा. ते त्याच्या डाव्या खणात, स्टेपलरच्या पिनांच्या डबीत असतं; वर पांढरी चिकटपट्टी आणि चिकटपट्टीवर निळ्या बॉलपेनने पिन. खण उघडाच असतो, कारण किल्ली हरवलीय. आपण नागपूरला अधिवेशनात आणि त्याच मिनिटाला मुंबईत देयकावर आपली सही! ही सिद्धी पूर्वी फक्त साधुसंतांना होती.

शासकीय कामासाठी शासकीय ईमेलच वापरावा, असं केंद्राचं ईमेल धोरण 2015 पासून सांगतंय. सांगू द्या. पत्रावर ‘गोपनीय’ शिक्का मारायचा, मोबाइलने फोटो काढायचा आणि विभागाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा. त्या ग्रुपमध्ये दोन सेवानिवृत्त आणि एक कंत्राटदार आहेत. कुणाला काढून टाकणं बरं दिसत नाही.

संगणक बदलण्याच्या फंदात पडू नका. विंडोज 7 ला कंपनीने 14 जानेवारी 2020 ला राम म्हटला, पण आपल्या डेडस्टॉक रजिस्टरात ते यंत्र ‘सुस्थितीत’ आहे. जुनी यंत्रं बाद ठरवणाऱ्या निर्लेखन समितीची बैठक होईपर्यंत मायक्रोसॉफ्टचं ऐकायला आपण बांधील नाही.

आता बॅकअप. 21 जून 2012 ला मंत्रालयाला आग लागली, फायली जळाल्या आणि कागद संगणकात नेण्याची निकड सर्वांना पटली. आपण तो धडा मनावर घेतला: फायली संगणकात, आणि संगणकाची प्रत त्याच खोलीत, त्याच नेटवर्कवर, त्याच एक्स्टेन्शन बोर्डावर. दिल्लीच्या एम्सवर 23 नोव्हेंबर 2022 ला डेटा ओलीस धरून खंडणी मागणारं रॅन्समवेअर आलं, पाच सर्व्हर बाधित झाले, सुमारे 1.3 टेराबाइट डेटा कुलूपबंद झाला आणि ओपीडीचं काम हाताने लिहून चालवावं लागलं. नेटवर्कचे कप्पे नीट पाडलेले नव्हते, असं कारण सरकारने संसदेत सांगितलं. तरीही आपल्याकडे कॅन्टीनचं वायफाय आणि सर्व्हर एकत्र कुटुंबातच ठेवा. विभक्त करायला स्विच लागतात, स्विचला निविदा लागते आणि लेखाशीर्षात तरतूद शून्य. (स्वागतकक्षातल्या 75 इंची पडद्याला मात्र ती सापडली, हे मी कुठे बोललो?)

हल्ला झालाच तर घाबरू नका. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत तिला कळवायची असते. सगळी ग्यानबाची मेख ‘लक्षात आल्यापासून’ या शब्दांत आहे, कारण कोणतीही घटना टिपणी मंजूर झाल्याशिवाय शासनाच्या लक्षात येत नसते. लिपिकाने ‘सर्व्हर उघडत नाही, आदेशार्थ सादर’ असं लिहावं. कक्ष अधिकाऱ्याने ‘पूर्वपीठिका जोडावी’ म्हणावं. अवर सचिवांनी ‘चर्चा करावी’ असा शेरा मारावा. चर्चेच्या दिवशी साहेब दौऱ्यावर. हे सगळं ई-ऑफिसवर, म्हणजे फायलींच्या संगणक प्रणालीवर, करायचं असतं, आणि ई-ऑफिस उघडत नाही, म्हणून टिपणीही नाही. टिपणी नाही म्हणजे घटना नाही, आणि 6 तास अजून सुरूच व्हायचेत.

तोवर आपली बदली येईल. कार्यभार देताना यादी चोख करा: खुर्च्या, कपाटाच्या किल्ल्या, पाण्याचा जार. सर्व्हरचा ॲडमिन पासवर्ड त्या यादीत नसतो. तो एजन्सीच्या मुलाकडे होता; मुलगा गेल्या मार्चमध्ये कंत्राट संपल्यावर पुण्याला खासगी नोकरीत गेला. त्याचं लॉगिन चालू आहे. बंद करण्याचा प्रस्ताव सादर केला होता. त्याच्या कार्यमुक्तीच्या आदेशाची प्रत जोडण्यासाठी प्रस्ताव परत आलाय.